काठसांगवीचं ऊन कुंड

"बायका आधी, माणसं मंग! ढकलू नका, माय कुठं पळून न्हाई चालली!"

भोंगा ओरडत होता आणि काठसांगवीच्या नदीकाठावर पाय ठेवायला जागा नव्हती. वडीगोद्रीच्या फाट्यापासून गावापर्यंत जीपगाड्या, रिक्षा आणि मोटारसायकलींची रांग लागलेली. गेवराईकडून, अंबडहून, पार परभणीकडून माणसं आली होती. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची कंबर गेलेली, कुणाला लकवा मारलेला. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, पत्र्याच्या मंडपातल्या काळ्या दगडी कुंडाकडे.

कुंड तरी केवढं? चार माणसं पाय सोडून बसतील एवढं. पण त्या पाण्यातून वाफ निघत होती. तळातून भसाभसा बुडबुडे येत होते आणि हवेत गंधकाचा वास होता. पलीकडे गोदावरी जानेवारीच्या थंडीत गारठून वाहत होती. आमच्या गंगथडीत तिला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आणि गंगेच्या काठी ऊन पाण्याचा झरा फुटला होता.

कुंडाच्या कडेला व्याघ्रांबर टाकून सोमेश्वर महाराज बसले होते.

"हे पाणी न्हाई, ही चेतना हाय! माय बुडबुड्यातून श्वास घेते, उबेतून माया देते आणि झणझणीतून रोग ओढते. भूगर्भातली चुंबकीय ऊर्जा हाय ही! बोटाला झणझणलं का न्हाई?"

"झणझणलं, महाराज!"

"तो रोग बाहेर निघून राह्यला. ज्याला जास्त झणझणतं त्याचा रोग मोठा. ज्याला बिलकुल झणझणत न्हाई, त्याचा संशय मोठा!"

हा सौदा मला फार पक्का वाटला. झणझणलं तर महाराज खरे, नाही झणझणलं तर तुम्ही खोटे.

मी गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गर्दीच्या कडेला उभी होते, तेवढ्यात माईक हातात घेतलेला अंगद मला बघून हसत पुढे आला.

"मॅडम, नुसतं लांबून काय बघता? एकदा हात घालून बघा. विज्ञानवाल्यांनी तपासल्याशिवाय बोलू नये, तुम्हीच शिकवलं."

मी हात घातला. पाणी खरोखर ऊन होतं. आणि कोपरापर्यंत मुंग्या चढत गेल्या. मी हात झटकन मागे घेतला, तशी बाजूच्या बायका ओरडल्या, "पावली! बाईस्नी पावली!"

"पाणी तपासलंय का, अंगद?"

"जिल्ह्याला पाठवलंय, मॅडम. रिपोर्ट आला की पहिला तुम्हालाच दाखवतो."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी पावती मागितली असती. पण हा अंगद होता.

अंगद माझा विद्यार्थी. दहावीत असताना त्यानं मला विचारलं होतं, "मॅडम, जिभेवर कापूर जाळला तर जीभ का भाजत न्हाई?" त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून जत्रांमधून, शाळांमधून चमत्काराचे प्रयोग दाखवले. हळदीच्या लिंबातून रक्त काढायचं, पाण्यानं दिवा पेटवायचा, आणि मग लोकांसमोर त्यातली हातचलाखी उघडी करायची. मी बौद्ध घरातली, त्यामुळे लोक मला म्हणायचे, "तुमचं काय, तुमचा देवच वेगळा." तेव्हा अंगद पुढे व्हायचा. "माझा देव तर तुमचाच हाय ना? मंग माझं ऐका." त्याच्यामुळे माझं बोलणं लोकांच्या कानात शिरायचं.

जालन्याहून बी.एस्सी. होऊन तो परत आला, तेव्हा गावाची दशा वाईटच होती. नदीत मासा कमी झाला होता. वाळूचा धंदा ट्रकवाल्यांनी नेला होता. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जायचं आणि माझ्या वर्गातले बाक मोकळे पडायचे. अंगदनं गंगथडी पर्यटन समिती काढली. दोन होड्या रंगवल्या, हायवेवर बोर्ड लावला : 'गंगेवर फिरा, ताजा मासा खा, चक्रवाक पक्षी बघा.' सरपंच अण्णासाहेबांनी काठावरची गावठाणाची जागा दिली. पहिल्या हिवाळ्यात माझ्या शाळेच्या मुलींना मीच होडीतून फिरवून आणलं. बाहेरचं कुणी फारसं आलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यातही नाही. होड्या काठावर पालथ्या पडल्या.

यंदा दिवाळीनंतर पाहुण्यांसाठी संडासाचा खड्डा खणताना म्हणे ऊन पाणी लागलं. कुठून तरी सोमेश्वर महाराज प्रकटले. त्यांना तर माईनं स्वप्नात पत्ताच सांगितलेला. मला शंका आली होती, पण ऊन पाण्याचे झरे निसर्गात असतात. किनवटकडे उनकेश्वरला आहेतच की. आपल्याकडे नसावेतच, असं मी कशावरून म्हणणार? शिवाय गावाला बरकत आली होती. चहाच्या टपऱ्या, भज्यांचे गाडे, मुक्कामाच्या खोल्या. लोक ऊसतोडीला गेलेच नाहीत. जानेवारी महिन्यात माझा वर्ग भरलेला होता, आणि ते बघून मला बरं वाटत होतं.

कुंडाची सगळ्यात मोठी साक्षीदार होती चांगुणामावशी. भोयांच्या घरातली, उभा जन्म अंबडच्या बाजारात मासे विकलेली, तोंडानं फटकळ आणि मनानं सरळ. तिला मधुमेह होता, पायांची आग व्हायची. कुंडात पाय सोडून बसायला लागल्यापासून आग थांबली म्हणून ती माईकवरून सांगायची, "मी खोटं बोलत न्हाई, सारा बाजार मला वळखतो!" आणि खरंच, सारा बाजार तिला ओळखत होता. तिच्या शब्दावर माणसं जीपा भरून यायची.

एक दिवस ती दिसली नाही म्हणून मी घरी गेले. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. पायाला फडकी गुंडाळलेली आणि खोलीत घाण वास.

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाई वो बाई. फोड आलेत. महाराज म्हणले, रोग बाहेर पडून राह्यला."

मी फडकं सोडलं. तळव्याची कातडी सुटली होती, एक बोट काळं पडलं होतं.

"दुखत नाही?"

"बिलकुल न्हाई! तीच तर माईची किरपा."

"आणि साखरेच्या गोळ्या?"

"त्या सोडल्या. माय आणि गोळी एका अंगात नांदत न्हाईत, असं महाराज म्हणले."

तिचा मुलगा भागवत शेतातून आला, तसं आम्ही तिला रिक्षात घालून अंबडला डॉक्टर भावनाताईंकडे नेलं. त्यांनी पाय बघितला आणि आम्हाला बाहेर बोलावलं.

"हे भाजलंय. कढत पाण्यात बराच वेळ पाय ठेवल्यावर असं होतं. साखरेनं तिच्या पायाची संवेदना गेलेली आहे, त्यामुळे तिला चटका कळलाच नाही. आग थांबली म्हणत होती ना? आग थांबली नाही, पाय मेला होता."

भागवत भिंतीला टेकला. "पण पाणी तर कोमट असतंय, ताई. आम्ही सारेच बसतो."

"मग तिलाच कसं भाजलं?"

"ती सेवेकरी हाय. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसती."

"म्हणजे पाणी सुरुवातीला कोमट आणि शेवटी कढत?" डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "ज्योत्स्नाताई, जमिनीतून येणारं ऊन पाणी सारखंच ऊन असतं. असं चुलीवर ठेवल्यासारखं तापत जात नाही."

त्या वॉर्डमध्ये परत गेल्या. आम्ही बाकावर बसलो होतो, तेवढ्यात भागवतचा फोन वाजला. त्यानं कानाला लावून लगेच ठेवून दिला.

"कोण?"

"मोटरचा स्टार्टर. शेतात लाईट आली की आपोआप फोन लावतो. कांद्याला पाणी सुरू झालं."

फोन खिशात घालतो तोच तो पुन्हा टिंगटिंगला. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. कुंडात बुडबुडे, मागे घंटा आणि खाली ओळ : 'जय गंगामाय! माय जागली! दर्शन सुरू.'

मी तो व्हिडिओ बघत राहिले. माय आपल्या मर्जीनं जागते, असं महाराज सांगायचे. एका हप्त्यात दिवसा, एका हप्त्यात रात्री. वेळ ते पंचांगात बघून काढत.

"भागवत, मागच्या हप्त्यात शेताला लाईट कधी होती?"

"रातची. थंडीत मरमर करीत पाणी धरलं."

"आणि माय कधी जागत होती?"

त्यानं ग्रुपवरचे मागच्या हप्त्यातले व्हिडिओ काढून बघितले, सगळे रात्रीचेच होते. थ्री फेजची लाईट कधी येते आणि कधी जाते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. सगळं गाव त्या वेळेवर झोपतं आणि उठतं. आणि तेच गाव रोज महाराजांना विचारत होतं, माय कधी जागणार?

"मॅडम," भागवत हळूच म्हणाला, "माय बी थ्री फेजवर चालती का काय?"

आम्ही दोघंही हसलो नाही.

मी गावात परतले ती तडक समितीच्या कार्यालयात गेले. दुसऱ्या दिवशी माघी पौर्णिमेची यात्रा होती. कुंडाभोवती पोरं लोखंडी कठडा रोवत होती. अंगद टेबलाशी बसला होता.

"या मॅडम, बसा. चहा सांगू?"

"बुडबुड्यांचा कॉम्प्रेसर कुठं ठेवलाय?"

मला वाटलं होतं तो चिडेल, नाकारेल. तो उठला, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसला.

"कुंडामागं, महाराजाच्या कुटीत," तो म्हणाला. "टाकी, हीटर, सगळं तिथंच हाय. खालून पाईप टाकलाय."

एवढं सरळ. मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरले आहे.

"तू? अंगद, तू?"

"मीच. तुम्हीच शिकवलं ना, लोकांना बुडबुडे दाखवले की ते प्रश्न विचारीत न्हाईत." मग त्याचा आवाज चढला. "दोन वर्षं मी खरं विकलं, मॅडम! पक्षी दाखवले, नदी दाखवली. कोण आल्तं? कुत्रं फिरकलं न्हाई. खोटं दाखवलं तर रस्ता जाम झाला. यंदा बाया कोयता घेऊन गेल्या न्हाईत. पोरं तुमच्याच वर्गात बसून राह्यली. हे पाप हाय का?"

"चांगुणामावशीचं बोट उद्या कापणार आहेत."

त्याला ठाऊक नव्हतं, हे मला दिसलं.

"आणि ती झणझण कशाची आहे?" मी विचारलं.

"ती? ती लोकांच्या मनाची. महाराज बोलतोच तसं."

"मला झणझणलं होतं, अंगद. माझ्या मनात काही नव्हतं."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. विज्ञान शिकलेला मुलगा होता तो. "हीटर... हीटर गळत असंल."

"पाण्यात करंट उतरतोय. आणि तुम्ही बाहेर लोखंड रोवताय. पाय पाण्यात आणि हात जमिनीत गाडलेल्या कठड्याला. काय होईल, मी सांगायला पाहिजे का?"

त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. "उद्या कुणाला पाण्यात उतरू न्हाई देणार. हीटर काढून टाकतो. यात्रा नुसती पूजेवर उरकतो, मंग मीच लोकांसमोर सगळं सांगतो. शब्द देतो, मॅडम."

त्याचे डोळे भरले होते. मला त्यात तो दहावीतला मुलगा दिसला. "सकाळी मी मीटर घेऊन येते," एवढंच म्हणाले आणि निघाले.

सकाळी भोंग्याच्या आवाजानंच मी घराबाहेर पडले. भागवत अंबडहून घरी भाकरी न्यायला आला होता, तो वाटेत भेटला. काठावर जाऊन बघतो तर कुंड वाफाळत होतं. बुडबुडे येत होते. कठडा फुलांच्या माळांनी सजवलेला होता आणि अंगद माईकवर होता. "आज पौर्णिमेचा मान! पहिलं स्नान, पहिली पूजा!" माझी नजर त्याच्या नजरेला भिडली आणि त्यानं मान फिरवली. हीटर काढला असता तर पाणी गार पडलं असतं आणि भरलेली यात्रा मोडली असती; इतके दिवस काही झालं नाही, आजही होणार नाही, असं त्यानं मनाला समजावलं असावं.

कुंडाच्या पायरीवर हिरवं लुगडं नेसलेली, हातात ताट घेतलेली वंदना उभी होती. अंगदची बायको.

"भागवत, डीपीकडं पळ! फ्यूज काढ! जल्दी!"

तो पळाला. मी गर्दीत घुसले. "पाण्यात उतरू नका! वंदना, थांब!" पण भोंग्यापुढे माझा आवाज तो किती? दोन स्वयंसेवकांनी मला अडवलं.

"मॅडम, तुमचा देव वेगळा. आमच्यात पडू नका."

वंदनानं ताट काठावर ठेवलं, पदर सावरला आणि पाण्यात पाय टाकला. पायरी निसरडी होती. तोल जाऊ नये म्हणून तिनं कठडा धरला.

तिची मान मागे गेली. दात आवळले, डोळे पांढरे झाले आणि सगळं अंग थडथडायला लागलं. हात काही कठड्यावरून सुटेना.

"आली! अंगात आली! माय अंगात आली!"

संबळ दुप्पट जोरात वाजायला लागला. बायकांनी हात जोडले, कुणी कुंकू उधळलं. महाराज उभे राहून ओरडत होते, "बोल माय, बोल! काय पाहिजे तुला?" एक बाई माझ्यासमोर मरत होती आणि हजारो माणसं तिला नमस्कार करत होती.

मी अंगदकडे बघितलं. तो सगळ्यात जवळ होता. त्या सगळ्या गर्दीत काय चाललंय हे माझ्याशिवाय त्या एकट्यालाच कळत होतं. माईक त्याच्या हातात होता. 'करंट' एवढा एक शब्द पुरला असता. त्यानं तोंड उघडलं. एकदा वंदनाकडे बघितलं, एकदा गर्दीकडे. आणि माईक खाली घेतला.

मी ते बघितलं. ते मी विसरू शकत नाही.

भोंगा मधेच तुटला. कुंडातले बुडबुडे थांबले. वंदनाचा हात सुटला आणि ती पायरीवर कोसळली. भागवत डीपीपर्यंत पोचला होता. मी स्वयंसेवकांचे हात झटकले, तिला काठावर ओढलं. छाती हलत होती. तळहात जळून काळा झाला होता. अंगद तेव्हा धावत आला, "वंदे, वंदे" करत. मी त्याला बाजूला ढकललं आणि बायकांना तिला सावलीत न्यायला सांगितलं.

आणि एवढं होऊनही महाराज बोललेच. "विघ्न! माय बोलणार व्हती, तेवढ्यात नास्तिकाची सावली पडली! माय रुसली!"

गर्दी माझ्याकडे वळली. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी माझा पदर ओढला. तेव्हा सरपंच अण्णासाहेब काठी आपटत मधे आले.

"मॅडम, तुम्ही भरल्या यात्रेत इघ्न आणलं. काय म्हणायचं ते म्हणा. पर दाखवून द्या. नुसत्या बोलण्यावर मी जाणार न्हाई."

"दाखवते. आधी सगळे पाण्यापासून आणि कठड्यापासून लांब व्हा."

मीटरचे आकडे कुणाला कळणार? म्हणून मी मंडपातला एक छोटा एलईडीचा दिवा काढून घेतला. त्याला दोन वायरी जोडल्या. एक वायर पाण्यात सोडली, दुसरी कठड्याच्या पायाला बांधली, आणि त्याला हात न लावता लांब झाले.

"भागवत, फ्यूज लाव!"

भोंगा खरखरला. पाण्यात बुडबुडे आले. आणि दिवा मंदसा लागला.

"मायनं दिवा लावला!" मागून एक जण ओरडला आणि टाळ्या पडल्या.

"काढ!" मी ओरडले.

बुडबुडे गेले. दिवा गेला. पाणी डबक्यासारखं पडून राहिलं.

"लाव!"

माय जागली.

"काढ!"

माय झोपली.

आता टाळ्या नव्हत्या. पुढच्या रांगेत काठी टेकून बसलेल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "म्हंजी, माय डीपीतून येती व्हय?"

"कुटी उघडा," मी बोट दाखवलं तिकडे बघत अण्णासाहेब म्हणाले.

"तिथं आमची साधना हाय! स्त्रियांनी, संसारी माणसांनी..."

"कुलूप तोडा रे."

आत देव नव्हता, उदबत्तीसुद्धा नव्हती. लोखंडी टाकी होती, तिच्यात बसवलेले मोठे हीटर होते. त्यातल्या एकाचं आवरण फाटून आतली तार उघडी पडली होती. पंक्चरच्या दुकानात असतो तसा कॉम्प्रेसर होता. टाकीपासून कुंडाच्या तळापर्यंत जमिनीखालून पाईप गेला होता. कोपऱ्यात गंधकाची पिशवी होती. शेताला लाईट आली की हवा सुटायची, माय जागायची. तास-दोन तासांत पाणी तापत जायचं आणि हीटर आपोआप बंद व्हायची सोय नसल्यानं शेवटी ते पाय भाजण्याइतकं तापायचं. फाटक्या हीटरमधून करंट उतरायचा, त्याला महाराज चुंबकीय ऊर्जा म्हणायचे. लोखंडी कठडा येईपर्यंत तो करंट नुसता झणझणत होता, इतकंच.

महाराजांना अचानक मौन लागलं. पोलीस येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

सावलीत वंदना शुद्धीवर आली होती. अंगद तिच्या पायाशी बसला होता. ती त्याच्याकडे वळली.

"तुम्हाला ठाऊक व्हतं?"

तो तिचा जळालेला हात हातात घ्यायला गेला.

"माईक तर तुमच्या हातातच व्हता," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून घेतलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. महाराज आणि अंगद दोघंही आत गेले. मला वाटलं होतं, आता गाव सुटकेचा श्वास सोडेल. तसं झालं नाही. भज्यांचे गाडे गेले, मुक्कामाच्या खोल्यांना कुलपं लागली. ज्यांनी कर्ज काढून त्या बांधल्या होत्या ते मला बघून रस्ता बदलू लागले. फेब्रुवारीतच काही घरं वीटभट्टीवर निघून गेली आणि माझ्या वर्गातले बाक पुन्हा मोकळे झाले. ग्रामसभेत एक जण उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमचा पगार चालू हाय. आमचं काय?"

मी म्हणाले, "तुमच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर आज माझ्याकडे तयार नाही. पण त्या कुंडावर वंदनाच्या जागी तुमची लेक असती तर?" तो खाली बसला. त्याचं समाधान झालं म्हणून नव्हे.

चांगुणामावशी घरी आली. पायाची एक नव्हे, दोन बोटं गेली. ती मला म्हणाली, "बोटांचं काय न्हाई वो, बाई. पर मी माझ्या तोंडानं लोकास्नी बोलावलं. सारा बाजार माझ्या शब्दावर आल्ता. त्या माणसांस्नी मी कुठं हुडकू?" अंगदनं तिचा पाय भाजला होता, पण तिला जास्त लागलं होतं ते हे, की त्यानं तिचा खरेपणा वापरला.

माझंही तेच झालं होतं. प्रयोग मी शिकवले होते ते डोळे उघडावेत म्हणून. त्यानं तेच प्रयोग डोळे झाकायला वापरले.

परवा एक जीप आली. बातमी सगळीकडे पोचलेली नव्हती. एका म्हाताऱ्या बापानं लकवा झालेला तरणा मुलगा मागच्या सीटवर झोपवून आणला होता. त्यानं टपरीवर विचारलं, "ऊन कुंड कुठंशी हाय?" टपरीवाला खाली बघत कप विसळत राहिला. खरं सांगितलं असतं तर गिऱ्हाईक गेलं असतं.

वंदना नदीवरून येत होती. ती थांबली. तळहाताचं फडकं सोडून तिनं म्हाताऱ्यासमोर धरलं.

"कुंड तिकडं हाय, बाबा. पाणी गार पडलंय. आत हीटर व्हता, माझ्याच नवऱ्यानं बसवलेला. पोराला अंबडला डॉक्टरकडं न्या."

"पर बाई, लोक तर म्हणत्यात..."

"ते लोक म्हंजी आम्हीच," वंदना म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिचा हात जवळ घेऊन बघितला. मग त्यानं ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.

हे सगळं मी एवढ्याचसाठी सांगितलं. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याची कुलूपबंद खोली उघडून बघा. त्याचा चमत्कार कधी चालतो, कधी बंद पडतो, हे लक्षात ठेवा. औषध सोडा म्हणणाऱ्याला सोडा. आणि जो म्हणतो, संशय घेतला तर गुण येणार नाही, त्याच्यावर संशय आधी घ्या. परक्याला आपण विचारतोच. आपल्या माणसाला विचारायला जीभ जड होते, कारण तो अपमान वाटतो. तो अपमान नाही. तो आपला असेल तर दार उघडून दाखवेल.